ओठावरची रेघ

"माझी रेघ कुठं गेली?" शारमेननं विचारलं.

मुलगी आठ वर्षांची. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा घालून गेले तीन शनिवार ती बेनिता काबाहुगच्या खोलीत खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसत होती, आणि आज चित्र पुरं झालं म्हणून बेनितानं ईझल तिच्याकडं फिरवला होता. अशा वेळी मुलं काय करतात ते बेनिताला पंचेचाळीस वर्षांच्या सरावानं पाठ होतं. ती लाजतात, नाहीतर आईच्या तोंडाकडं बघतात, नाहीतर कानातल्या डुलाकडं बोट दाखवून हे मात्र बरोबर काढलंय म्हणतात. शारमेननं यातलं काही केलं नाही. ती उठून कागदाच्या अगदी जवळ गेली. एक बोट तिनं स्वतःच्या वरच्या ओठावर ठेवलं, दुसऱ्या हाताचं चित्रातल्या ओठावर, आणि थोडा वेळ दोन्ही बोटांनी चाचपून पाहिलं. मग तिनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. दप्तरातली पेन्सिल सापडली नाही की मुलं विचारतात, तसं.

तिची आई लोर्ना तुमुलाक ओशाळं हसली. बेनिताताईंनी तुला किती सुंदर केलंय बघ, असं काहीतरी म्हणाली. शारमेननं मान हलवली. "सुंदर आहे," ती म्हणाली, "पण ही मी नाही. हिला लहानपणी दूध पिता येत असणार." फाटलेल्या ओठानं जन्मलेली पोर होती ती. तिला आईच्या अंगावर पिता येत नव्हतं. आठव्या महिन्यात ओठ शिवला जाईपर्यंत तिच्या आजीनं तिला ड्रॉपरनं थेंब थेंब पाजून जगवलं होतं, आणि ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की पोरीच्या हिशेबी नाकापासून ओठापर्यंतची ती रेघ म्हणजे दूध आत यायची वाट होती. जिला रेघ नाही तिला ही गोष्ट घडलेलीच नाही. मग ती दुसरीच कुणीतरी. इतकं ते सरळ होतं. लोर्नानं तिचा हात मागं ओढला तेव्हा चित्रातल्या ओठावर बोटाएवढा पुसट ठसा उमटला होता, आणि बेनितानं स्वतःला म्हणताना ऐकलं की चित्र इथंच राहू दे, मी हे नीट करते, पुढच्या शनिवारी या.

त्या गेल्यावर ती बराच वेळ ठशाकडं बघत बसली. ठसा दुरुस्त करणं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. पेस्टलचा खडू म्हणजे शेवटी भुकटी. कागदाच्या खरखरीत अंगाला ती धरून राहते तेवढीच, आणि बोट लागलं की सोडून देते. ताताय, म्हणजे तिचा बाप, म्हणायचा, तेलरंग भिंतीसारखा असतो, पेस्टल त्वचेसारखं. गेरूवर पिवळा, पिवळ्यावर गुलाबी, गुलाबीवर अगदी हलका हिरवा, असे थर एकावर एक बसवत गेलं की कागदाखालून रक्त वाहायला लागतं. हे त्यानं तिला सहाव्या-सातव्या वर्षी शिकवलं होतं. तो मूळचा मूर्ती रंगवणारा. जानेवारीच्या जत्रेआधी घराघरांतले सांतो निन्यो त्याच्याकडं यायचे, वर्षभराच्या मेणबत्तीच्या धुरानं काळवंडलेले बाळदेव, आणि तो त्यांचे गाल पुन्हा गुलाबी करून द्यायचा. ओळीनं मांडलेल्या त्या चाळीस-पन्नास बाळदेवांपुढं बसून पोरगी बेनिता भात आणि सुकी मासळी खायची. पुढं लोकच म्हणायला लागले की देवाचे गाल इतके छान करतोस तर आमच्या पोरांचेही कर, आणि ताताय पोरांची चित्रं काढायला लागला. मूर्तींवर फिरायचा तोच हात पोरांवर फिरला. देवीचे वण, पुटकुळ्या, तिरळा डोळा, पुढं आलेला दात, सगळं त्या गुलाबीखाली जायचं. बेनितानं तो हात जसाच्या तसा उचलला. पहिल्या बैठकीला लोर्ना तिला बाजूला घेऊन हळू आवाजात रेघेबद्दल बोलायला लागली तेव्हा बेनितानं तिला वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं. ते सांगायला नको, असं ती म्हणाली होती. तिच्या धंद्याचं ते ब्रीदवाक्य म्हणा ना. सेबू शहरातल्या किती दिवाणखान्यांत तिची मुलं लटकत असतील, आणि त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर काही घडलेलं नव्हतं.

आता ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. तिथं भिंतीवर तातायनं काढलेली तिचीच नऊ चित्रं होती. सातव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत दर वाढदिवसाला एक. सोळाव्याच्या आधी तो गेला. नऊही चित्रांत डावा गाल स्वच्छ. बेनिताच्या डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जन्मखूण होती, गडद जांभळी, कडांना थोडी लालसर, कुणीतरी शाई सांडून घाईघाईनं टिपावी तशी. लहानपणी तिला वाटायचं की या नऊजणी आपल्या बहिणी आहेत, कुठल्यातरी दुसऱ्या बेटावर राहणाऱ्या, आणि आपण काहीतरी गैर केलं म्हणून आपल्याला एकटीला इकडं पाठवलंय. तिला त्यांचा मत्सर वाटायचा नाही. उलट शाळेत पोरं शाईची बाटली म्हणून चिडवायची तेव्हा ती मनात म्हणायची, आमच्या घरी अजून नऊजणी आहेत, त्यांना बघाल तर गप्प बसाल. मोठेपणी ती तातायला मानत गेली. त्यानं जे बघितलं ते प्रेमानं बघितलं, डागापलीकडं बघितलं, असं ती स्वतःला सांगत आली. चर्चमध्ये ती कायम डाव्या बाजूच्या बाकावर भिंतीकडच्या टोकाला बसायची. त्यामुळं तो गाल भिंतीकडं राहायचा. एकदा तरुणपणी कबुलीच्या वेळी तिनं फादरना हे सांगितलं होतं, गर्वाचं पाप म्हणून. फादर चांगले होते. म्हणाले, बाई, देवाला तो डाग दिसतच नाही. तेव्हा तिला रडू आलं होतं. आज भिंतीसमोर उभं राहून तिला वाटलं, दिसत कसा नाही? माझं तोंड देवानं केलं आणि त्यालाच ते दिसत नाही म्हणजे काय? आठ वर्षांची पोर बोट लावून विचारते की माझी रेघ कुठं आहे, आणि देवाची नजर तिच्यापेक्षाही अधू? मग तिला ते आठवलं जे ती दर ईस्टरला ऐकत होती आणि जे आजपर्यंत कानाआड गेलं होतं. क्रूसावर मरून उठल्यावर तो मित्रांसमोर आला तेव्हा सगळं बरं करायची सत्ता त्याच्या हातात होती. तरी त्यानं हातांवरची खिळ्यांची भोकं तेवढी ठेवली. ओळख पटावी म्हणून. तेवढं पाहिल्याशिवाय हा तोच आहे असं म्हणायला एकजण तयार नव्हता.

आई स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला खुडत बसली होती. नानाय साबिना शहाऐंशीची. डोळे अजून चांगले, गुडघे गेलेले. दुपारची डुलकी काढून उठलं की पाला नाहीतर लसूण तिच्या पुढ्यात ठेवावा लागे, नाहीतर हात रिकामे राहिले म्हणून ती चिडचिड करी. बेनिता समोर बसली आणि पाला खुडता खुडता तिनं सगळं सांगितलं. पोरीचा प्रश्न, बोटाचा ठसा, दुधाची वाट. सांगताना ती हसत होती, पण मग बोलणं आपोआप तातायवर गेलं. मी त्याच्यासारखीच झाले, ती म्हणाली. त्यानं मला पुसलं, मी सगळ्या शहराच्या पोरांना पुसत बसले. आयुष्यभर मला वाटलं की त्याला माझा डाग दिसला नाही. आता वाटतंय की त्याला तो बघवला नाही.

नानायचे हात थांबले. खुडलेल्या पाल्यावर तिनं तळवे टेकवले.

"त्याला नावं ठेवू नकोस, बेनी," ती म्हणाली. "त्यानं काढला होता. मी पुसला."

मग तिनं जे सांगितलं ते तुटक तुटक, मधेच पाला खुडत, मधेच नुसती खिडकीबाहेर बघत. बेनिता पोटात होती तेव्हा नानायला जांभळांचे डोहाळे लागले होते. दुसरं काही नकोच वाटायचं. त्या वर्षी जांभळं लवकर धरली, आणि नेमका गुड फ्रायडे आला. उपासाचा दिवस. सगळं घर मिरवणुकीला गेलेलं. नानाय एकटी मागच्या अंगणात गेली आणि झाडाखाली बसून झग्याचा ओचा भरेल एवढी जांभळं तिनं खाल्ली. तोंड जांभळं झालं, हात जांभळे झाले. मीठ लावून जीभ घासली तरी रंग जाईना. त्या संध्याकाळी तिनं तोंडावर रुमाल धरून क्रूसाच्या पायाचं चुंबन घेतलं. आणि पुढं पावसाळ्यात बेनिता जन्मली, तोच रंग गालावर घेऊन. सुईण म्हणाली, काय खाल्लं होतंस ग? नानायनं काहीच नाही म्हणून सांगितलं. ती पहिली थाप. मग एकसष्ट वर्षं ती याबद्दल कुणाशीच बोलली नाही. फादरपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही.

"तू सात वर्षांची झालीस, तेव्हा त्यानं तुझं पहिलं चित्र काढलं. डागासकट. मी आत आले आणि बघितलं. इतकं हुबेहूब होतं की मला वाटलं, आता हे भिंतीवर लागणार आणि रोज मला विचारणार. त्याच्या टेबलावर पावाचा तुकडा होता, खोडायचा. मी तो घेतला आणि पुसलं. तो बघत होता. मग बसला आणि त्या जागी साधा गाल केला."

"आणि नंतरची?"

"दर वर्षी विचारायचा. यंदा काढू का म्हणून. मी नको म्हणायचे." नानायनं बोटं उलगडून मोजल्यासारखं केलं आणि पुन्हा मिटली. "मरताना पण विचारलं त्यानं."

बेनिताला राग आला. तो तिच्या गालापर्यंत चढला, तोही जांभळ्या डाव्या गालावर, हे कळून तिला विचित्र वाटलं. तिला वाटलं, उठावं आणि निघून जावं. चाळीस वर्षं भिंतीकडं गाल करून बसलेली ती बाई, लग्नाला हो म्हणायची हिंमत न झालेली ती पोरगी, सगळ्या एकदम उभ्या राहिल्या. आणि मग समोरचं माणूस दिसलं. हाडाची काडी झालेली, दर गुड फ्रायडेला पाण्याचा घोटही न घेता पडून राहणारी, गल्लीत जांभूळवाली आली की खिडकी लावून घेणारी. बेनिताला वाटायचं, आईला आंबट चालत नाही. आपल्या गालावर आपण एक डाग वागवला. हिनं तोच डाग घशाखाली वागवला. आणि बाप दर वाढदिवसाला दोघींच्या मधे उभा राहून विचारत होता, यंदा काढू का. त्याला दिसत होतं. नऊ वेळा दिसलं होतं. हे मनात येताच तिनं पाल्याची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.

"नानाय," ती म्हणाली, "गुड फ्रायडेला चोरून खाल्लं म्हणून देव पोरांना रंगवायला बसला असता ना, तर हे सगळं बेट आज जांभळं असतं. फादरसकट."

म्हातारीच्या नाकातून एक आवाज आला, आणि बेनिताला आधी वाटलं ठसका लागला. नानाय हसत होती. पाल्याच्या काड्या मांडीवरून खाली सांडेपर्यंत हसली, आणि हसता हसता रडली, आणि बेनितानं तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेनितानं कोरा कागद लावला. शारमेन समोर नव्हती, पण गेल्या तीन शनिवारची कच्ची रेखाटनं होती, आणि त्याहून जास्त म्हणजे ते बोट आठवत होतं. तिला वाटलं होतं की काय, एक रेघ तर वाढवायची. अर्ध्या तासात तिला कळलं की ती रेघ नव्हतीच. ती नाकपुडीला एका बाजूनं किंचित खाली खेचत होती, ओठाचा कोपरा वर उचलत होती, आणि त्यामुळं गाल त्या बाजूनं आधी हसत होता आणि दुसऱ्या बाजूनं जरा उशिरा, मागून येऊन गाठल्यासारखा. सगळा चेहरा त्या शिवणीभोवती जमला होता. ती झाकली की हसू लुळं पडत होतं, आणि म्हणून तर आजवर ती स्वतःचं ठरलेलं हसू तिथं बसवून देत आली होती, प्रत्येक पोराला एकच. पंचेचाळीस वर्षं तिनं एकच तोंड काढलं होतं. ही जाणीव भयंकर वाटायला हवी होती. पण हातात खडू होता, कागद होता, आणि समोर जन्मात पहिल्यांदा एक तोंड होतं जे तिला काढता येत नव्हतं. शिवणीवरची त्वचा जरा चमकते, तिथं उजेड वेगळा पडतो. पांढरा घेऊन चालेना. तिनं फिका निळा घेतला, त्याच्या कडेला जरासा गेरू, आणि करंगळीनं अगदी एकदाच खाली ओढलं. रेघ बसली. बेनिता मागं सरली आणि मोठ्यानं हसली. खाली रस्त्यावर जीप थांबून प्रवासी घेत होती, कुणीतरी मक्याची कणसं म्हणून ओरडत होतं, आणि वर खोलीत एकसष्ट वर्षांची बाई रंगानं भरलेले हात हवेत धरून हसत उभी होती. दोन सकाळी तिनं त्या चित्रावर काम केलं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला हात लावला नाही, कारण लावायला काही उरलं नव्हतं.

शनिवारी लोर्ना आली, सोबत शारमेन. बेनितानं नानायला मुद्दाम बाहेरच्या खोलीत आणून बसवलं नव्हतं. म्हातारी स्वतःच भिंत धरत आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. बेनितानं दोन्ही चित्रं शेजारी लावली आणि खरं ते सांगितलं. सांगितलेलं काम हे, आणि मला करावंसं वाटलं ते हे. कुठलं न्यायचं ते तुम्ही ठरवा. शारमेन दुसऱ्या चित्रापाशी गेली, बोट आपल्या ओठावर ठेवलं, पण चित्राला लावलं नाही. फक्त मान डोलावली, शेजारी राहायला आलेल्या कुणाला तरी ओळख द्यावी तशी.

लोर्ना मात्र उभीच राहिली. तिचे ओठ घट्ट मिटले होते. कौतुकानं नाही, हे बेनिताला दिसत होतं. मी काय मागितलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं, असं ती अखेर म्हणाली. आणि मग, पोर ऐकतेय याचंही भान न राहून, ती बोलत गेली. शारमेन पोटात असताना, पाचव्या महिन्यात, ती जिन्यावर घसरली होती. सगळे म्हणत होते जपून चाल. तिनं ऐकलं नाही. सासरच्या लोकांनी नंतर तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण फोटोच्या वेळी पोरीला जरा तिरकं उभं करायचे. एक चित्र तरी असं असावं की ज्यात मी घसरले नव्हते, लोर्ना म्हणाली. घरात एक भिंत तरी.

बोलली ती नानाय.

"पोरी, इकडं ये," कोपऱ्यातून ती म्हणाली. लोर्ना गेली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं आणि बेनिताकडं हनुवटी केली. "हिचा डाग मी पुसला होता. बापानं काढलेला, मी पुसला. नऊ चित्रं आहेत आत, एकातही नाही. बघ तिच्याकडं. गेला का?"

लोर्नानं बघितलं. बेनितानं तोंड फिरवलं नाही. खिडकीचा उजेड सरळ तिच्या डाव्या गालावर पडला होता आणि तिला तो ऊन लागावं तसा जाणवत होता.

"भिंतीवर लावून काही जात नाही," नानाय म्हणाली. "फक्त पोरगी घरात एकटी पडते. ने हे."

लोर्ना खाली वाकली, पोरीसमोर गुडघ्यावर बसली आणि तिनं तिच्या ओठावरच्या त्या रेघेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, एकदा. शारमेननं जरा गुदगुल्या झाल्यासारखं नाक आवळलं. मग लोर्ना उठली आणि दुसरं चित्र बांधून द्यायला सांगितलं. पहिलंही हवंय का, असं बेनितानं विचारलं तेव्हा तिनं नको म्हटलं, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आली. वरच्या गल्लीतल्या तिच्या बहिणीला दोन मुलं आहेत, ती सांगायला आली होती. धाकट्याच्या कपाळावर भाजल्याचा व्रण आहे. त्याला घेऊन येऊ का? आहे तसाच काढायचा.

त्या गेल्यावर नानाय आतल्या खोलीत जायला निघाली ती नऊ चित्रांसमोर जाऊन थांबली. बेनितानं मागून खुर्ची सरकवली. म्हातारी पहिल्या चित्राकडं, सात वर्षांच्या त्या स्वच्छ पोरीकडं, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की ते खाली काढ आणि काच उघड. बेनितानं काढलं. चौपन्न वर्षांचा तो कागद जरा पिवळटला होता, पण भुकटी जागच्या जागी होती. बेनितानं जांभळा खडू उचलला आणि हात गालाजवळ नेला, आणि तिच्या लक्षात आलं की तिला तो डाग ठाऊकच नाही. आजचा ठाऊक होता. सात वर्षांच्या पोरीच्या गालावर तो केवढा होता, कुठून कुठं होता, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आरशापासून ती लांब राहायची, आणि चित्रांनी सांगितलं नव्हतं.

"मला दे," नानाय म्हणाली.

तिनं खडू हातात घेतला तो सुरी धरावी तसा. कधी धरलेला नव्हता. पण टेकवला तो थेट गालावर. कानाच्या पाळीखाली सुरुवात केली, मग खाली, मग मधे एक छोटं बेट सोडलं, तिथं मोकळी जागा होती म्हणाली, शेंगदाण्याएवढी, तिथं मी तुझा पापा घ्यायचे. मग ओठाच्या कोपऱ्याकडं निमुळता. कुठं थांबायचं ते तिला नेमकं माहीत होतं. पुसणाऱ्याला पुसलेलं जसं आठवतं तसं काढणाऱ्यालाही आठवत नसेल. बेनितानं फक्त शेवटी करंगळीनं कडा मऊ केल्या, आणि भिंतीवरच्या त्या परक्या बेटावरून सात वर्षांची बेनिता काबाहुग उतरून तिच्याकडं बघायला लागली.

खालून संध्याकाळच्या मिस्साची घंटा झाली. नानायनं सवयीनं क्रूसाची खूण केली. कपाळ, छाती, खांदे. तिची बोटं जांभळ्या भुकटीनं माखलेली होती आणि कपाळावर मधोमध एक डाग उमटला. बेनितानं रुमाल काढला. मग तो घडी करून परत खिशात ठेवला. दोघी जिना उतरल्या, एकेक पायरी, आणि गल्ली ओलांडून चर्चकडं निघाल्या. दारातल्या मेणबत्तीवाल्या बाईनं म्हातारीकडं बघितलं आणि आपल्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, इथं काहीतरी लागलंय तुम्हाला."

"ठाऊक आहे," नानाय म्हणाली. "लेकीचं आहे." आणि बेनिताचा दंड धरून ती पुढं चालली, मधल्या वाटेनं, पहिल्या बाकापर्यंत.